डोक्याखाली उशी नको

न्यूरोच्या आयसीयूत पहिल्यांदा आलेल्या नातेवाइकांचा हात आधी उशीकडे जातो. त्या मुलाच्या आईचंही तसंच झालं. मोटरसायकल दुभाजकावर आदळलेली, डोक्यावर हेल्मेट नाही. हाका मारल्या तरी तो डोळे उघडत नव्हता. शुद्ध मोजणारा जीसीएस ७, व्हेंटिलेटर लावलेला.

"सिस्टर, मान अवघडेल हो त्याची."

"मावशी, उशी नको. मान वाकली की डोक्यातलं रक्त खाली उतरायला अडतं. आत आधीच जागा नाही."

मेंदू सुजतो, कवटी काही ताणत नाही. म्हणून खाटेची डोक्याकडची बाजू ३० अंश वर, मान सरळ आणि ट्यूबची पट्टी गळ्याला काचत नाही ना, यावर लक्ष. त्याच्या कवटीतला दाब मॉनिटरवर दिसत होता. २२च्या वर टिकला की डॉक्टरांना हाक. दाब उतरवायला मॅनिटॉल देतात. थंडीत त्यात खडे धरतात. बाटली गरम पाण्यात ठेवायची, उजेडात धरून पाहायची, मगच लावायची. थोड्या वेळात लघवीची पिशवी भरू लागते.

मामांनी विचारलं, "सूज उतरवायला स्टिरॉइड का देत नाही?" पूर्वी देत असत. २००४ साली 'क्रॅश' चाचणीचा निकाल आला. दहा हजारांवर रुग्णांच्या त्या चाचणीत स्टिरॉइड दिलेल्यांमध्येच मृत्यू जास्त निघाले. तेव्हापासून डोक्याच्या मारात ते देत नाहीत.

पहाटे मी टॉर्च मारला. डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झालेली, उजेडाला हलेना. त्याला लगेच ऑपरेशनला घेतलं. सर्जननी डावीकडचं हाड काढून सुजेला वाट करून दिली आणि ते पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलं. वडील पोटावरच्या टाक्यांकडे बघतच राहिले. बँडेजवर आम्ही मार्करनं लिहिलं : 'हाड नाही'. त्या कुशीवर वळवायचं नाही.

काही महिन्यांनी हाड परत बसवलं. तो जगला. उजवा हात अजून जड आहे, बोलताना शब्द अडतात. या ऑपरेशननं जीव वाचतो. माणूस पहिल्यासारखा होईलच असं नाही.

डोक्याला मार लागलेला माणूस नीट बोलतोय म्हणून गाफील राहू नका. सूज तासांनी, कधी दिवसांनी वाढते. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी यांपैकी काहीही दिसलं, तर सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. आणि हेल्मेट घातलंत, तर पट्टाही लावा.