निवळी

ग्वाल्हेर स्टेशनवर मंगला लक्षद्वीप एक्सप्रेसची घोषणा होते, तेव्हा फलाटावरचं कुणी त्या नावापाशी थबकत नाही. गजकाच्या पिशव्या उचलल्या जातात, कुली पुढे सरकतात. मला मात्र थबकायला होतं. निजामुद्दीनहून निघालेली ही गाडी झाशी, भोपाळ, भुसावळ, कल्याण करत कोकणात उतरते आणि एर्नाकुलमला संपते. लक्षद्वीपला रेल्वे नाहीच, पुढचा प्रवास कोचीहून जहाजाचा. तिथली सगळी जमीन एकत्र केली तर 32 चौरस किलोमीटर भरेल, आणि ती प्रवाळांच्या चुन्याची आहे. इवल्याशा जिवांनी पाण्यातून वेचून घेतलेल्या चुन्यावर माणसं राहतात, माड लावतात, मशिदी बांधतात. एवढं मोठं काम आपल्या नावात घेऊन गाडी आमच्या गावावरून जाते.

जयेंद्रगंजातल्या आमच्या घरी, बैठकीच्या उत्तरेच्या भिंतीला लागून, शंभर लिटर समुद्र आहे. त्याचं पाणी मुळात सांक नदीचं. 1916 साली तिघऱ्याला धरण झालं, तेव्हापासून ग्वाल्हेरचा लष्कर हा भाग त्या पाण्यावर जगतो. नळाचं पाणी आरओतून काढायचं, त्यात लिटरमागे पस्तीस-छत्तीस ग्रॅम समुद्री मीठ मिसळायचं, ते रात्रभर ढवळत ठेवायचं. सकाळी त्याला खरोखर समुद्राचा वास येतो. आत विदूषक मासे आहेत, मश्रूम आणि झोआंथिड हे प्रवाळकुळातले मऊ जीव आहेत, शंखातल्या गोगलगायी आहेत. खडकावर गुलाबी कोरलाइन शेवाळाचे डाग पसरत चाललेत. कठीण प्रवाळ नाहीत. 2001 पासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. ते तिथेच असावेत असं मला मनापासून वाटतं. घरात ठेवण्याची गोष्ट निराळी आणि पूजण्याची निराळी.

पण चुना हवा असतो तो शेवाळालाही आणि शंखालाही. तो पाण्यातून घ्यायचा तर पाण्यात दोन गोष्टी लागतात: कॅल्शियम आणि बायकार्बोनेट. पैकी कॅल्शियमचा साठा मोठा, लिटरला चारशेवीस मिलिग्रॅमच्या आसपास. तो सहसा संपत नाही. आधी संपतं ते बायकार्बोनेट. ते किती शिल्लक आहे याचा अंदाज देणारा आकडा म्हणजे अल्कलिनिटी, टाकी पाळणाऱ्यांच्या तोंडी नुसतं अल्क. अवेळी पाहुणे आले तरी डब्यात पीठ असावं, तसा हा साठा आहे. आम्ल आलं तरी पाणी ते सोसून घेतं. खुल्या समुद्रात तो सात जर्मन अंशांच्या आसपास असतो, घरच्या टाकीत लोक आठ-नऊ ठेवतात. सात की नऊ यावर हिरिरीने वाद घालणारे मी पाहिलेत. मला तो वाद गौण वाटतो. सात असेल तर सातच राहावं, नऊ असेल तर नऊच. प्रवाळकुळातल्या जिवांना आकड्यापेक्षा आकड्याची उडी मारते.

मोजणीची वेळ मला दिवसातली सर्वांत आवडती. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं. पहिल्या थेंबाला ते निळं होतं. मग एकेक थेंब, दर थेंबाला हलकासा हेलकावा. सहा, सात. पाणी निळंच. आठव्या थेंबाला नळीच्या मध्यावर पिवळा धागा दिसतो, फिरतो आणि विरतो. नवव्या थेंबाला सगळी नळी एकदम पिवळी होते. जेवढे थेंब तेवढे अंश. हे रोज एकाच वेळी करावं, कारण दिवसाचं पाणी आणि रात्रीचं पाणी अगदी सारखं नसतं. जानेवारीत खिडक्या बंद असल्या की घरातल्या माणसांच्या श्वासाने पीएच 8.2 वरून 7.9 पर्यंत खाली येतो. अल्क मात्र जागच्या जागी असते. अशा वेळी पाण्यात काही घालू नये, खिडकी उघडावी.

घट भरून काढण्याचे मार्ग बरेच. खायचा सोडा हा त्यातला सर्वांत साधा. शंभर लिटरला तीन ग्रॅम घातला की एक अंश वाढतो. मला पटलेला मार्ग त्याहून जुना: चुन्याची निवळी. तिच्यात कॅल्शियमही येतं आणि अल्कही, ज्या प्रमाणात शंख ते घेतो नेमक्या त्याच प्रमाणात. पूर्ण मुरलेली लिटरभर निवळी शंभर लिटर पाण्याची अल्क एका अंशाहून थोडी जास्त वाढवते. परदेशातले लोक जर्मन नावाच्या डब्यातून जी पूड विकत घेतात, ती आपल्या पानाच्या डब्यातल्या चुन्याची सख्खी बहीण आहे.

निवळी मला आजीने शिकवली. लष्करातल्या आमच्या जुन्या वाड्यात मागच्या पडवीत एक मातीचं मडकं असे. कटनीचा कळीचा चुना आला की तो विरवण्याचा दिवस ठरे. मुलांनी उंबऱ्याच्या आत थांबायचं. आजी पदर खोचून, तोंड बाजूला करून खड्यांवर पाणी ओतायची आणि मागे सरायची. खडे आधी गप्प असत. मग तडकत, फुगत, त्यांतून वाफ उठे, मडकं आतून उकळू लागे. चूल नाही, जाळ नाही, आणि पाणी उकळतंय. निवलं की आणखी पाणी घालून, ढवळून, वर ताटली ठेवून ती ते तसंच सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी चुना तळाशी आणि वर इतकं स्वच्छ पाणी, की पाणी आहे हे कळायला ताटली हलवावी लागे. त्यावर पातळ साय धरलेली असे. दुधाच्या सायीसारखी ती लवत नसे, बोट लागताच कडकन मोडे आणि तिचे तुकडे तिरपे होऊन खाली जात. ‘साय मोडू नकोस रे, खालचं पाणी तिने राखलंय,’ आजी म्हणायची. साय बाजूला सारून ती पळीने निवळी काढायची. त्यातली थोडी खोबरेल तेलात घोटून बाटलीत जाई, भाजल्या-पोळल्यावर लावायला. उरलेल्या निवळीत कोहळ्याच्या फोडी पडत. आग्र्याचा पेठा करतात तशाच, सुईने टोचलेल्या, रात्रभर भिजवलेल्या. सकाळी त्या चार पाण्यांतून धुतल्या की हाताला कळे: कालची मऊ फोड आज दाताखाली कुरकुरेल अशी घट्ट झालेली असे. मग पाक. पाकात शिजूनही ती फोड आकार सोडत नसे. आग्र्याचा पेठा मला आजही आवडतो, पण केशर घातलेला नाही. पांढरा, कोरडा, आतून पाकाचा थेंब सुटणारा.

त्या सायीत जे घडत होतं तेच पुढे टाकीत पाहिलं. निवळीतला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा दगड होतो. साय म्हणजे दगडाचा सर्वांत पातळ थर. आमच्या वाड्याच्या भिंतीही याच रीतीने घट्ट झालेल्या. घाणीत मळलेला चुना, त्यात गूळ, बेलफळ, उडीद. गिलावा केला तेव्हा मऊ होता, वर्षांमागून वर्षं हवा पीत पुन्हा दगड झाला. कटनीचा चुनखडक विंध्य समूहाचा, दीडशे कोटी वर्षांहून जुना. तेव्हा प्रवाळ नव्हते, शंख नव्हते. मध्य भारतावर उथळ समुद्र होता आणि त्यात सूक्ष्म जिवांचे थर चुना धरून बसत. तो समुद्र भट्टीत भाजून, मडक्यात विरवून, भिंतीला लावून आम्ही लष्करात राहत आलो. ग्वाल्हेरला समुद्र नाही असं कुणी म्हटलं की मला त्या भिंती दाखवाव्याशा वाटतात.

टाकीत निवळी घालायची ती आटलेल्या पाण्याच्या जागी, रात्री, थेंबाथेंबाने. एकदम ओतली तर पाण्यात पांढरा धुरळा उठतो आणि पंपावर खडूची पुटं चढतात. त्यात ग्वाल्हेरचे ऋतू असे, की एकच प्रमाण वर्षभर चालत नाही. मे महिन्यात लू सुटली की टाकीतून दिवसाला तीन लिटर पाणी उडून जातं. तेवढी सगळी भर निवळीची घातली तर अल्क एका दिवसात तीन अंश वर जाईल. म्हणून उन्हाळ्यात निवळी पावशेर आणि बाकी साधं आरओचं पाणी. खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू असला की हवा ओली होते, पाणी कमी आटतं, हिशेब पुन्हा बदलतो. आणि चुना गरम पाण्यात कमी विरघळतो, तेव्हा मडकं घरातल्या गार कोपऱ्यातच हवं. श्रावणात पाणी जेमतेम अर्धा लिटर आटतं, तेव्हा निवळीला जागाच कमी राहते. माझ्या वहीतले अल्कचे आकडे सलग वाचले तर लू कधी सुटली आणि पहिला पाऊस कधी पडला ते दिसतं.

खुल्या समुद्रात वही ठेवणारं कुणी एक माणूस नसतं. कारखानदारी सुरू झाल्यापासून पृष्ठभागाच्या पाण्याचा पीएच 8.2 वरून 8.1 च्या आसपास आलाय. पीएच दहाच्या पटीत मोजतात, त्यामुळे हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. अल्क फारशी हललेली नाही. पण हवेतून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने पाण्यातलं कार्बोनेट खर्ची पडतं आणि चुना बांधणं महाग होतं. त्यावर उष्णता. लक्षद्वीपचे प्रवाळ 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये पांढरे पडले. पुन्हा सावरायला मिळणारा वेळ आखडत चाललाय, आणि तिथे खिडकी उघडता येत नाही.

समुद्राशी ग्वाल्हेरचं आणखी एक नातं आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 च्या सुमारास इथे स्थिरावली आणि तिचंच लष्कर झालं. तिच्याभोवती जी मराठी घराणी जमली त्यांत आंग्रेही होते. दर्यावर हुकमत असलेल्यांची एक शाखा समुद्रापासून इतक्या आत येऊन राहिली, ग्वाल्हेरच्या सरदारांत गणली गेली. त्याच नावाचा एक प्रवाळ-प्रदेश अरबी समुद्रात आहे, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत: आंग्रे बँक. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे, तिथवर ऊन पोचतं, म्हणून प्रवाळ आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, पण ते किनाऱ्यालगतचं. आंग्रे बँक 12 सागरी मैलांच्या हद्दीपलीकडे आहे, राज्याच्या अभयारण्याचा नियम तिथवर पोचत नाही. तिथे पर्यटकांना बुडी मारायला नेण्याच्या गोष्टी होतात. मला वाटतं, आधी संरक्षण यावं, मग माणसं. कान्होजी आंग्र्यांच्या काळात त्यांच्या दस्तकाशिवाय व्यापारी जहाजाला हा किनारा सुखाने ओलांडता येत नसे. त्यांच्या नावाच्या खडकावर नांगर टाकणाऱ्या आणि जाळं ओढणाऱ्या प्रत्येक बोटीकडे आज तसं दस्तक मागितलं पाहिजे, आणि ते सहजासहजी मिळता कामा नये.