मथळ्यातील हरवलेला कर्ता

पदव्युत्तर वर्गात प्रयोगविचार शिकविताना मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’चा (१९११) आधार मी घेतोच, परंतु गेली काही वर्षे त्याच्या जोडीला त्या आठवड्याची वर्तमानपत्रेही वर्गात नेतो. चंद्रपूर-गडचिरोलीतील आमचे विद्यार्थी घरी कोणी झाडीबोली बोलतात, कोणी गोंडी, कोणी माडिया. लिखित मराठीचा रोजचा नमुना त्यांना मिळतो तो वर्तमानपत्रातूनच.

मोहफुले आणि तेंदूपत्ता यांच्या हंगामात एका धर्तीचा मथळा या भागात वारंवार वाचावयास मिळतो : ‘वाघाच्या हल्ल्यात महिला ठार’. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या तीन महिला एकाच दिवशी अशा प्रकारे मृत्युमुखी पडल्या. या मथळ्यात क्रियापद नाही. वाघ कर्ता नाही. तो षष्ठीत आहे. हल्ला सप्तमीत, आणि ‘ठार’ हे विधिविशेषण. गावात हीच गोष्ट ‘वाघानं बाईले मारलं’ अशी सांगतात. तेथे कर्ता, कर्म, क्रियापद आपापल्या जागी असतात.

मथळ्याला जागा थोडी, म्हणून ही काटकसर क्षम्य मानता येईल. परंतु बातमीत जागा असूनही तीच रीत पुढे चालू राहते. ‘पिंजरे लावण्यात आले’, ‘मदत देण्यात येईल’. ‘-ण्यात येणे’ या रचनेत करणारा दिसत नाही. म्हणून मदत केव्हा, हा प्रश्न कोणास विचारावा तेही कळत नाही.

याहून सूक्ष्म प्रकार धातुसाधित विशेषणाचा. ‘मोहफुले वेचण्यासाठी जंगलात गेलेल्या महिलेवर’ असे वाक्य सुरू होते. यावर एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, “सर, शेतात गेलेली बाई आणि जंगलात गेलेली बाई आमच्याकडे सारखीच कामाला जाते. मग ‘जंगलात गेलेली’ वाचताना तिचंच काही चुकलं असं का वाटतं?” या प्रश्नाने व्याकरणाचा तास कायद्यापर्यंत पोहोचला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. कायद्याने जिला हक्कदार मानले, तिला बातमीची वाक्यरचना अद्याप जंगलात शिरलेली परकी व्यक्ती म्हणून दाखविते. बातमीदाराचा तसा हेतू नसतो. रूढ साचा आपले काम करीत असतो.

म्हणून मी एक स्वाध्याय देतो. तीच बातमी प्रथम घरच्या बोलीत सांगावयाची, नंतर प्रमाण मराठीत लिहावयाची. मात्र प्रत्येक क्रियेचा कर्ता सांभाळून. बातमी दोन-तीन ओळींनी लांबते. पण मथळ्यात जी केवळ ‘महिला’ होती, तिच्या वाट्याला निदान एक क्रियापद येते : ती मोहफुले वेचीत होती.