दोरी ओढण्याआधी

श्रावण अर्धा सरला की माझे फोन वाजायला लागतात. बोलणं ठरलेलं असतं. मुंबईची मंडळी गणपतीला येणार, अंगण आणि पाखाडी शेवाळून गेली आहे, परवा आईचा पाय घसरता घसरता वाचला, कधी येतोस? रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यात जांभ्याच्या चिऱ्यावर जी हिरवीकाळी बुळबुळीत साय धरते, ती डोळ्यांना नुसता रंग वाटते, पायाला मात्र बरोबर कळते. पूर्वी ती खराट्याने घासून काढायचे. मी पाण्याच्या दाबाने काढतो. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारं प्रेशर वॉशर आहे: होंडाचं 163 सीसीचं इंजिन आणि त्याला थेट जोडलेला तीन प्लंजरचा पंप. विजेवरची मशीनं हलकी असतात, आवाजही कमी करतात. पण पाखाडीच्या मधोमध प्लग लावायला बोर्ड नसतो, आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो.

हे मशीन मी जुनं घेतलं, कोल्हापूरहून. पहिल्या हंगामात त्याने मला एका शब्दाने दुखावलं नाही. संक्रांतीपर्यंत कामं झाली, मग विहिरी खाली जायला लागल्या आणि मी थांबलो. फाल्गुनानंतर कोणाचं पाणी असं उडवायला माझं मन घेत नाही. मशीन पुसलं, पडवीत नेलं, वर ताडपत्री टाकली. झालं, असं वाटलं.

पुढच्या श्रावणात ताडपत्री काढून दोरी ओढली. वीस-पंचवीस वेळा ओढल्यावर इंजिन लागलं, पण चोक बंद केला की मरायचं. अर्धा चोक ठेवला की आवाज वर चढायचा, खाली पडायचा, पुन्हा चढायचा, जणू कोणी त्याचा गळा धरून सोडतंय. मी प्लग बदलला. एअर फिल्टर धुतला. शेवटी मशीन टेम्पोत घालून मिरकरवाड्याला नेलं. तिथे बोटींची इंजिनं करणारे एक जुने मेस्त्री होते. त्यांनी मशीनला हात लावला नाही, नुसतं ऐकलं. मग विचारलं, "पेट्रोल कधीचं रे यात?"

"संक्रांतीचं असेल, काका."

"मग आता ऐकत काय बसलायस? उघड."

कार्ब्युरेटरची वाटी खालून एका बोल्टवर असते. काढली तर तळाशी मधासारखा पिवळट चिकट थर होता आणि त्याखाली पांढरी बुरशीसारखी भुकटी. मधल्या नळीतून मेन जेट काढला. पितळेचा, करंगळीच्या नखापेक्षा लहान. मेस्त्रींनी तो उजेडासमोर धरायला लावला. भोकातून उजेड दिसायला हवा होता, दिसला नाही. मी सुई शोधायला लागलो तर त्यांनी हात धरला. सुई पोलादाची, जेट पितळेचा. भोक केसभर मोठं झालं तरी इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पीत राहणार. त्यांनी वायरच्या तुकड्यातली तांब्याची एक तार सोडवली आणि ती हळूच आरपार घातली. मग जेट रॉकेलमध्ये बुडवून, तोंडाने फुंकून पुन्हा उजेडासमोर धरला. टाचणीच्या टोकाएवढं आभाळ दिसलं. जोडून पहिल्याच ओढीला इंजिन लागलं आणि एका सुरात चालू राहिलं.

त्या दिवसापासून मी मशीनकडे उलट्या बाजूने बघायला लागलो. आपल्याला वाटतं यंत्र कामाने झिजतं. हे मशीन कामाने फार थोडं झिजतं, ते थांबल्यावर बिघडतं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आमच्या पावसाळी हवेत ओढायला पाणी कमी नाही. त्या वाटीतलं दोन चमचे शिळं पेट्रोल सहा महिन्यांत जे करतं, ते शंभर तासांचं काम करत नाही.

पंपाचंही तेच. दुसऱ्या वर्षी एका घरी अंगण निम्मं झालं होतं. आतून हाक आली, "अरे बाबा, चाय निवतेय, आधी घेऊन जा." मी गनचा खटका सोडला, इंजिन चालूच ठेवलं आणि ओटीवर जाऊन बसलो. खटका सोडला की पाणी बाहेर जात नाही. अनलोडर व्हॉल्व्ह ते वळवून पंपातच फिरवत ठेवतो. तेच दोन-चार वाट्या पाणी मिनिटाला हजारो फेऱ्यांनी घुसळलं जातं आणि तापतं. फार तापलं तर सोडून देणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, माझ्या मशीनचा तो क्षाराने धरला होता. चहा, एक चकली, गणपतीच्या मखराची चौकशी, यात दहा मिनिटं गेली. परत आलो तेव्हा पंपावर हात ठेवता येत नव्हता. दाब अर्ध्यावर आला होता आणि पंपाखाली थेंब थेंब गळत होतं. दुसऱ्या दिवशी काचेतून दिसणारं पंपाचं तेल दुधाळ झालेलं. सील गेले होते, पाणी तेलात शिरलं होतं. आता दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर मी इंजिन बंद करतो, मग यजमान कितीही घाईत असोत.

सील मी स्वतः बदलले. पंपाचं पितळी डोकं आठ बोल्टवर बसतं. ते समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत उतरवायचं. आतून तीन पांढरे प्लंजर दिसतात, सिरॅमिकचे, बशीसारखे गुळगुळीत. प्रत्येकावर नख फिरवून बघायचं, नख अडकलं तर नवे सीलसुद्धा टिकणार नाहीत. माझं अडकलं नाही. सीलची ओठासारखी कड पाण्याच्या बाजूला हवी. हे एवढं एक वाक्य कोणी मला आधी सांगितलं असतं तर पहिला सेट मी उलटा बसवून फुकट घालवला नसता.

त्याच पंपात सहा छोटे व्हॉल्व्ह असतात, तीन पाणी आत घेणारे, तीन बाहेर सोडणारे. एकदा गन हातात धडधडायला लागली. दाब येतोय, तुटतोय, येतोय. एकेक व्हॉल्व्ह काढत गेलो. पाचव्याच्या बैठकीत वाळूचा एक कण होता, मोहरीएवढाही नाही. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ असतं, आणि त्या दिवशी घाईत मी तोंडाची जाळी न लावता पाइप जोडला होता. माझ्या पंपाला 150 बारवर मिनिटाला साधारण 11 लिटर पाणी लागतं. ते त्याला समोरून मिळायला हवं, ओढून घ्यायला लावलं की आतून खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो. म्हणून मी पाणी आधी उंचावरच्या टाकीत घेतो आणि तिथून जाड पाइपने खाली आणतो.

उताराचा धडा वेगळाच होता. एका पाखाडीवर इंजिन दर पाच मिनिटांनी बंद पडायचं. कार्ब्युरेटर उघडला, प्लग बदलला, टाकीचं झाकण सैल करून पाहिलं. दुपार गेली. अखेर लक्षात आलं की इंजिनच्या पोटात तेल कमी झालं तर ठिणगी तोडणारा सेन्सर आहे. मशीन पायरीवर तिरकं होतं, तेल एका बाजूला सरकत होतं, सेन्सर कोरडा पडत होता. चाकाखाली एक चपटा चिरा सरकवला आणि मशीन संध्याकाळपर्यंत चाललं. ते मला वाचवत होतं आणि मी त्याला दिवसभर दोष देत होतो.

पण या कामात सगळ्यात जास्त जपायचं असतं ते मशीन नाही, दगड. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हत्याराने कापला जातो, आणि हवा लागून कठीण होतो. फ्रान्सिस बुकाननने केरळात अंगाडीपुरमजवळ हे पाहिलं आणि 1807 मध्ये त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटराइट म्हटलं. चिऱ्याचा तो कठीणपणा वरच्या थरात जास्त असतो. लाल नोझलची धार शून्य अंशाची, काडीसारखी सरळ. ती जुन्या जोत्यावर वीतभर अंतरावरून धरली तर शेवाळ जातं आणि खाली लाल चर पडतो. मी तो पाडला आहे. एका शंभरी उलटलेल्या घराच्या जोत्यावर, दाराच्या उजवीकडे, बोटभर लांबीचा. घरातल्या आजी काही बोलल्या नाहीत, नुसता त्यावरून अंगठा फिरवला. दरवर्षी गेलो की मी तो बघतो, त्यात आता पुन्हा शेवाळ धरतं आणि ते मी हाताने, ब्रशने काढतो. लाल नोझल तेव्हापासून डब्यातून बाहेर आलेलं नाही. जांभ्याला पांढरं, 40 अंशाचं. आधी नुसतं भिजवायचं, मग हात-दीड हात लांबून, खराटा मारावा तसं एका दिशेने, कुठेही न थांबता. दगडी पायरीला हिरवं चालतं. दर्जा जुन्या चुन्याच्या असतील तर मी मशीन लावतच नाही.

गमबूट घातल्याशिवाय गन उचलत नाही आणि जवळ पोरं असली तर खटक्याला कुलूप. ही धार कातडीत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडू शकतं. तसं झालं तर पट्टी लावून बसायचं नसतं, थेट इस्पितळात जाऊन दाबाच्या पाण्याने लागलंय हे सांगायचं असतं.

आता माझा क्रम हातात बसला आहे. आधी पाणी जोडायचं. खटका दाबून धरायचा, हवा फसफसत निघून जाऊ द्यायची, धार अखंड झाली की मगच दोरी. पाइपात दाब कोंडलेला असेल तर दोरी उलटी हिसका देते आणि मनगट धरून बसावं लागतं. थांबतानाही आधी इंजिन, मग पाणी, मग पुन्हा खटका, म्हणजे आत कोंडलेलं सुटून जातं.

आणि हंगाम संपल्यावरचं काम मी आता कोणावर सोपवत नाही. इंजिन गरम असतानाच काळं तेल काढतो, नवं 10डब्ल्यू-30 भरतो, अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त लागतं. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून स्कूटरला घालतो. पंपातलं पाणी दोन-तीन वेळा दोरी ओढून उडवतो. पण त्याआधी, अगदी शेवटच्या धुण्यानंतर, पाणी चालू असतानाच पेट्रोलचा कॉक बंद करून उभा राहतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत जेवढं उरलंय तेवढ्यावर इंजिन चालत राहतं, मिनिट, दोन मिनिटं. मग आवाज एकदा वर चढतो, अडखळतो आणि थांबतो. वाटी कोरडी झाली.

सगळ्यात शेवटी दोरी पुन्हा हातात घेतो, या वेळी सुरू करायला नाही. सावकाश ओढत जायचं, जिथे ती जड लागते तिथे सोडून द्यायची. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, दमट हवा सिलिंडरमध्ये जात नाही. वर ताडपत्री नाही, आईची जुनी सुती साडी. तिच्यातून हवा जाते.