मुलगेच का सापडले?

मैंदर्गीत मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर नांदतात. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला दोन्ही भाषांत एकच प्रश्न ऐकावा लागतो: मुलगा की मुलगी? गंडो, हेण्णो? पोटाचा आकार, डोहाळे, चालायची ढब, कशावरूनही भाकितं निघतात. खरं उत्तर मात्र तिच्याच रक्तातून फिरत असतं.

१८९३ साली गेओर्ग श्मोर्ल या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाला, गरोदरपणात झटके येऊन दगावलेल्या बायकांच्या फुफ्फुसांत वारेच्या पेशी दिसल्या. १९६९ मध्ये गरोदर बायकांच्या रक्तात वाय गुणसूत्र असलेल्या, म्हणजे पोटातल्या मुलग्याच्या, पेशी आढळल्याचं प्रसिद्ध झालं. पण बाळाच्या पेशी फारच थोड्या. ज्वारीच्या कैक पोत्यांतून करडईचा एक दाणा निवडायचा, असलं ते काम.

मग १९९७ मध्ये संशोधक डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींचा नाद सोडला आणि रक्तद्रवात पाहिलं. बाळाच्या डीएनएचे सुटे तुकडे तिथे तरंगत होते. त्यातले बहुतेक वारेतून आलेले. डाऊन सिंड्रोमची शक्यता तपासणारी आजची रक्तचाचणी साधारण दहाव्या आठवड्यापासून होते ती याच तुकड्यांवर. ती फक्त शक्यता सांगते. खात्रीसाठी गर्भजल किंवा वारेचा नमुना तपासावाच लागतो.

लो यांनीही शोधलं होतं वाय गुणसूत्रच. त्याच्या वर्षभर आधी संशोधक डायना बियांकी यांना एका बाईच्या रक्तात पुरुष-पेशी सापडल्या होत्या. तिला मुलगा होऊन २७ वर्षं झाली होती. म्हणजे लेकरू पोटातून बाहेर येतं, पण पुरतं जात नाही. पण दरवेळी मुलगेच का? कारण साधं आहे. वाय आईकडे नसतं, म्हणून ते चटकन ओळखू येतं. मुलीची गुणसूत्रं आईसारखीच दोन एक्स, त्यामुळे तिच्या पेशी आईच्या गर्दीत मिसळून जातात. मुलीही मागे राहतातच, नुसत्या दिसत नाहीत.

प्रयोगशाळेची ही अडचण होती. समाजाला तसली काही सबब नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, आणि याच राज्याने १९८८ मध्ये, देशाच्या सहा वर्षं आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला होता.

आईच्या रक्तावरची ती चाचणीही आज देशाच्या कायद्याखाली येते. ओसरीवरच्या त्या प्रश्नाला डॉक्टरने शब्दानेच काय, खुणेनेही उत्तर देणं गुन्हा आहे.