तारखांचा ताळा

1979 चा हिवाळा मी दिल्लीत काढला. लेखापरीक्षण खात्यात टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. वय तेवीस, अंगात आईने विणलेला स्वेटर आणि हिंदी जेमतेम. सकाळची डीटीसीची बस शांतिपथावरून जायची. धुक्यात एकेक वकिलात मागे पडायची आणि सोव्हिएत वकिलातीची लांबलचक भिंत संपता संपायची नाही.

त्या हिवाळ्यात त्या वकिलातीत दिमित्री पोल्याकोव्ह नावाचा माणूस काम करत होता, हे मला निवृत्तीनंतर कळलं. सोव्हिएत लष्करी गुप्तचर खात्याचा हा जनरल 1961 पासून अमेरिकेला माहिती देत होता. दिल्लीतली ही त्याची दुसरी नेमणूक. पैसे तो फारसे घेत नसे. घ्यायचा ती विजेवर चालणारी सुतारकामाची हत्यारं, मासे धरायचे गळ, एखादी शिकारीची बंदूक. 1980 मध्ये त्याला मॉस्कोहून बोलावणं आलं. वेळ आली तर अमेरिकेचं दार उघडं आहे, असं त्याला सांगितलं होतं. मी हे रशियासाठी करतो, रशियन म्हणून जन्मलो आणि रशियन म्हणूनच मरेन, असं त्याचं उत्तर होतं. सापडलात तर काय, या प्रश्नावर तो म्हणाला होता की बेवारस मढ्यांच्या सामायिक खड्ड्यात जाईन. तो मॉस्कोला गेला आणि पुन्हा कधी बाहेर आला नाही.

हा माणूस मला भेटला तो सँडी ग्राइम्स आणि जीन व्हर्टफे या दोघींच्या पुस्तकात. दोघी सीआयएत होत्या. काउंटर-इंटेलिजन्स, म्हणजे आपल्याच घरात बसून शत्रूला बातम्या पुरवणारा माणूस हुडकण्याचं काम त्यांनी केलं. जीन 1954 मध्ये खात्यात शिरली ती टायपिस्ट म्हणून. ते वाचलं आणि पुस्तक मिटून मी थोडा वेळ नुसती बसले. टायपिस्टच्या खुर्चीतून खातं कसं दिसतं, ते मला ठाऊक आहे. हाताखालून सगळ्यांचे कागद जातात, आणि कागदाइतकं माणसाबद्दल कुणीच बोलत नाही.

1985 च्या उन्हाळ्यापासून सोव्हिएत संघातले अमेरिकेचे खबरे एकेक करून नाहीसे होऊ लागले. कुणाला सुट्टीवर म्हणून घरी बोलावलं, तो परतला नाही. कुणी ठरलेल्या भेटीला आलाच नाही. एडवर्ड ली हॉवर्ड नावाचा, सीआयएने काढून टाकलेला अधिकारी त्याच वर्षी देशातून पळाला आणि सोव्हिएत संघात जाऊन राहिला. बरंच नुकसान त्याच्या नावावर टाकता आलं, पण सगळं नाही. काही नावं त्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. आमच्या हिशेबात ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती 'उचंत' खात्यात टाकतात. काम थांबत नाही आणि ताळेबंद वरवर जुळलेला दिसतो. पण उचंत रक्कम वर्षानुवर्षं पुढे ओढली गेली, की चांगल्या लेखापरीक्षकाची झोप उडते. इथे त्या उचंत खात्यात माणसं होती. सँडीने पोल्याकोव्हच्या कामावर अनेक वर्षं घालवली होती. तिला ती रक्कम नव्हे, तो माणूस दिसत असणार.

1986 मध्ये जीनला आफ्रिकेतल्या गॅबॉनमधून बोलावून या शोधाची प्रमुख केलं. हाताशी मोजकी माणसं. शोध रखडला, बाजूला पडला, 1991 मध्ये पुन्हा उभा राहिला. ज्यांना ती गुपितं माहीत असू शकत होती अशांची यादी जवळजवळ दोनशे नावांची होती. सगळी ओळखीची, कॅन्टीनमध्ये शेजारी बसणारी नावं. ऑल्ड्रिच एम्स त्यांतला एक. पूर्वी सँडी आणि तो एकाच गाडीतून कामावर यायचे. तेव्हाचा तो गबाळा, वेळेचं भान नसलेला माणूस रोमच्या नेमणुकीवरून परतला तो उंची सूट घालून, दात नीट करून, छाती पुढे काढून चालत. तिला तो बदल खटकला.

डायना वर्दन या सहकारी बाईंना दुसरं काही खटकलं होतं. एम्सने पाच लाख चाळीस हजार डॉलरचं घर रोखीने घेतलं होतं आणि त्याचा वर्षाचा पगार सत्तर हजारांच्या आतला. नव्या घराचे पडदे निवडायला डायना त्याच्या बायकोसोबत होत्या. आधी कुठल्या खोलीचे करायचे, असा प्रश्नच बायकोला पडला नाही. सगळ्या घराचे एकदम करायचे होते, किंमत कितीही होवो. पगारावर संसार केलेल्या बाईलाच या वाक्याचा अर्थ लागतो. आम्ही पहिल्या वर्षी बाहेरच्या खोलीचे पडदे केले आणि आतल्या खोलीला चार वर्षं जुनी साडी लावली. डायनांनी ही शंका 1989 मध्येच कळवली होती. ती कागदावर पडून राहिली.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती सँडीची टाचणवही. एम्सचं आयुष्य तिने तारीखवार मांडायला घेतलं. रजा, प्रवास, आजारपण, कुणाबरोबर जेवण, कुठल्या फायलीवर सही. अमेरिकेतल्या सोव्हिएत वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याबरोबर तो जेवायला जायचा, आणि तेही वरिष्ठांच्या परवानगीने. एम्सच्या बँकेचे कागद डॅन पेन नावाच्या सहकाऱ्याने मागवले. 1992 च्या ऑगस्टमध्ये त्या भरणा-तारखा सँडीच्या टाचणात चढल्या. 17 मे 1985, जेवण. 18 मे, खात्यात नऊ हजार डॉलर. 2 जुलै, जेवण. 5 जुलै, पाच हजार. 31 जुलै, जेवण. त्याच दिवशी साडेआठ हजार.

दोन वेगळ्या वह्या शेजारी ठेवून लाल पेन्सिलीने बारीक टिंबं करत जावं आणि एकदम आकडा आकड्याला बोलू लागावा, हा क्षण मी नोकरीत तीन-चार वेळाच अनुभवला आहे. तेव्हा आनंद होत नाही. पोटात खड्डा पडतो. आपण ज्याला रोज नमस्कार करतो, त्याचं नाव समोर असतं.

हे काम संशयाचं आहे असं लोक समजतात. मी तसं मानत नाही. संशय फुकट असतो, कुणालाही घेता येतो. माझ्या उमेदवारीच्या काळात एका कचेरीत रोकड कमी भरली, तेव्हा तिथल्या रोखपालाबरोबर लोकांनी चहा घेणं सोडलं. चार महिने तो एकटा डबा खात होता. त्याच्या टेबलाजवळून जाताना मीही मान खाली घालायचे. शेवटी चूक निघाली ती दुसऱ्याच शाखेच्या बेरजेत. माणूस सुटला, पण पुन्हा कधी कुणाशी मोकळा बोलला नाही. अमेरिकेतही 1964 मध्ये युरी नोसेन्को हा केजीबीचा अधिकारी आश्रयाला आला, तेव्हा तो पेरलेला असावा म्हणून त्याला तीन वर्षांहून जास्त काळ खटल्याविना कोंडून ठेवलं. पुढे सीआयएनेच तो खरा असल्याचं मान्य केलं. संशयाला ताळ्याची जोड नसेल तर तो घरच पोखरतो. सँडी आणि जीन मला मोठ्या वाटतात त्या एवढ्यासाठी. एकाला पकडायचं म्हणून उरलेल्या सगळ्यांना त्यांनी चोर ठरवलं नाही. तारखा बोलेपर्यंत त्या थांबल्या.

तारखा बोलल्यावरही थांबावं लागलं. टाचण म्हणजे न्यायालयातला पुरावा नव्हे. एफबीआयने एम्सवर पाळत ठेवली, त्याच्या घराबाहेरचा कचरा चाळला, त्यात फाडलेली चिठ्ठी मिळाली. 21 फेब्रुवारी 1994 ला एम्स पकडला गेला. त्याच्यामुळे किमान दहा माणसं जिवानिशी गेली होती. त्याला जन्मठेप झाली. नंतरच्या जबानीत त्याने जीनला सांगितलं, की केजीबीने खोटा आळ घालण्यासाठी एखादं नाव मागितलं, तेव्हा त्याने तिचंच नाव दिलं होतं.

पोल्याकोव्हला 1986 मध्ये अटक झाली होती. 1988 च्या मे महिन्यात रेगन मॉस्कोला गेले, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी त्यांनी गोर्बाचेव्ह यांच्याकडे शब्द टाकला. त्याला मार्चमध्येच गोळी घातली होती.