ठिपक्याची जागा

बरका, गुरुवार रात्र.

आज गाडीचा रेडिएटर दुरुस्त करून घेतला. बिल अरबी आकड्यांत: एक, मग गोल, मग तीन ठिपके. मी दहा रियाल पुढे केले. गॅरेजवाल्याने गोलावर तेलकट बोट ठेवलं. इथे गोल म्हणजे पाच. शून्य म्हणजे नुसता ठिपका. हजार बैसांचा एक रियाल, म्हणजे पंधरा हजार बैसा, १५ रियाल.

घरी लेक ९९,९९९ मोठे की १,००,००० यावर अडलेली. नवांची रांगच तिला भारी वाटत होती. बिल काढलं आणि एकेक ठिपका बोटाखाली झाकत बसलो: पंधरा हजार, दीड हजार, दीडशे, पंधरा. नुसतं जागा धरून बसणाऱ्याचं मोल घरापासून लांब जरा जास्तच जाणवतं.

बिल तिने वहीत ठेवून दिलंय.