गाणाऱ्याच्या मागे बसून

पेडल स्टील गिटार रडते, असं कंट्री संगीताचे चाहते सर्रास म्हणतात. मला ते मान्य आहे. पण हे रडणं येतं कुठून, याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. टेक्ससमधल्या डान्स हॉलमध्ये मी हे वाद्य वाजवतो. आपली मराठी मंडळी कधी ऐकायला आली की पहिली दाद ठरलेली: "काय मींड घेतलीस रे!" डाव्या हातातला पोलादी बार तारांवरून सरकला की सूर न तुटता चढतो, आणि मींडेवर पोसलेल्या कानाला तो लगेच आपला वाटतो. ते नातं खरंही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जोसेफ केकुकूने गिटारीच्या तारांवर पोलाद सरकवून वाजवण्याची पद्धत रुजवली. तीच अमेरिकेत गेली आणि आपल्याकडेही आली. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी तिच्यावर सिनेमाची गाणी वाजवली, ब्रिजभूषण काब्रांनी राग वाजवले. पण त्या गिटारींना पेडल नव्हती. आणि कंट्रीतलं रडणं, माझ्या मते, पेडलमध्ये आहे.

बार सरकतो तेव्हा त्याच्याखालच्या सगळ्या तारा एकदमच वर किंवा खाली जातात. (बार तिरका धरून थोडंफार निभावता येतं, पण थोडंफारच.) पेडलचं तसं नाही. माझ्या वाद्याला दहा तारा आहेत, नॅशव्हिलच्या रिवाजाप्रमाणे ई नाइन्थमध्ये लावलेल्या. त्यातल्या तीन शेजारच्या तारा छेडल्या की सा, ग आणि प एकत्र वाजतात. आता डाव्या पायाखालचं पहिलं पेडल हळूहळू दाबलं की पंचमाची तार ताणली जाते आणि धैवतावर पोचते. दुसरं दाबलं की गंधार मध्यमावर जातो. षड्ज जागचा हलत नाही. बार तसूभरही न सरकता कॉर्ड बदललेला असतो. पण खरी गंमत कॉर्ड बदलण्यात नाही, मधल्या वाटेत आहे. पंचम निघालाय, अजून पोचलेला नाही, आणि शेजारचा षड्ज ठाम उभा आहे. दोन सुरांमधलं अंतर ऐकता ऐकता बदलत जातं. एकट्या गळ्याला हे जमत नाही, कारण गळा जातो तेव्हा सगळाच्या सगळा जातो. इथे कुणीतरी निघून चाललंय आणि कुणीतरी तिथेच थांबलंय, हे दोन्ही एकाच वेळी कानावर येतं.

पेडल असलेल्या गिटारी आधीही होत्या, पण वादक ती दाबायचे ते मुख्यतः तारांची जुळणी बदलण्यासाठी. श्रोत्याला सूर वळताना ऐकू येत नसे. 1954 साली वेब पिअर्सचं 'स्लोली' गाजलं. त्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं होतं. तो वळता सूर रेडिओवरून घरोघर गेला आणि स्टील वाजवणाऱ्यांची पेडल बसवून घेण्यासाठी धावपळ उडाली. आयझॅक्सचं एकच पेडल दोन्ही सूर एकत्र चढवायचं. बडी एमन्सने ते काम दोन पेडलांत वाटून दिलं. आज आम्ही जे वाजवतो त्याचा पाया त्या वाटणीत आहे.

पेडल येण्याआधी व्याकूळता नव्हती, असं मात्र मी म्हणणार नाही. हँक विल्यम्सच्या मागे डॉन हेल्म्स बिनपेडलची स्टील वाजवायचा. तो वरच्या सप्तकात राहायचा, हँकच्या आवाजाच्या वरची जागा धरून. ते आजही काळीज चिरत जातं. पण त्याची धाटणी हाकेची आहे. पेडलने जे आणलं ती हाक नव्हे, ती घालमेल आहे.

ही घालमेल गायकासाठी काय करते, हे मला बक ओवेन्सच्या 'टुगेदर अगेन'मध्ये सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं. 1964 सालचं गाणं. ओवेन्स टेक्ससमध्ये जन्मला, लहानपणी कुटुंबाबरोबर ॲरिझोनात गेला आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला स्थायिक झाला. तेलविहिरींच्या आणि कापसाच्या त्या गावात दुष्काळाने घरदार सोडायला लावलेली माणसं मोठ्या संख्येने येऊन राहिली होती. गाण्याचे शब्द सुखाचे आहेत. ताटातूट संपली, आपण पुन्हा भेटलो, आता कशाची काळजी नाही, एवढंच तो सांगतो. ओवेन्स ते सरळ, साध्या आवाजात गातो, शब्दांवर काही लादत नाही. मग मध्येच टॉम ब्रम्लीची स्टील सुरू होते. लय संथ, सूर मोजके, प्रत्येक कॉर्डमध्ये एखादा सूर पेडलवर वळतोय आणि बाकीचे थांबलेत. सुखाचे शब्द चालू असलेल्या गाण्यात मधला सगळा विरह हा माणूस ऐकवून जातो. गायकाने तो गायलेला नाही. त्याने गायला असता तर शब्द खोटे पडले असते. ही भेट किती दिवसांनी झाली, काय सोसून झाली, हे सांगायचं काम त्याने मागच्या माणसावर सोपवलं. तो सोलो संपून ओवेन्स परत गायला लागतो तेव्हा शब्द तेच असतात, पण आता ते दुःख पाहिलेल्या माणसाचे वाटतात. संगतीकडून याहून मोठी अपेक्षा मी करू शकत नाही.

प्रत्येक गायकाला हेच हवं असतं असं नाही. वेलन जेनिंग्जच्या भारदस्त आवाजाबरोबर राल्फ मूनी वर्षानुवर्षं वाजवत होता, आणि त्याची स्टील चपळ, खट्याळ, उजेडाची होती. त्या आवाजाला तेच शोभलं.

माझा उजवा पाय अख्ख्या कार्यक्रमात व्हॉल्यूम पेडलवर असतो, आणि नव्या वादकाची पारख मी त्याच्या याच पायावरून करतो. तार छेडताना पेडल अर्धंच उघडं ठेवायचं. सूर विझू लागला की तेवढ्याच मापाने ते उघडत न्यायचं, म्हणजे आघात लपतो आणि आस लांबते. गायक शब्द म्हणत असेल तोवर पाय मागे. ओळीचं शेवटचं अक्षर त्याच्या ओठांवरून सुटतं, तेव्हा माझी तार आधीच छेडलेली असते, फक्त ऐकू आलेली नसते. मग त्याच्या श्वासाखालून ती वर आणायची. हे जमलं तर गायकाला घाई करावी लागत नाही. ओळ संपली की तो निवांत थांबतो, कारण जागा रिकामी पडणार नाही याची त्याला खात्री असते. हल्लीच्या बऱ्याच ध्वनिमुद्रणांत स्टील पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत अखंड पसरलेली असते. मला ते पटत नाही. सतत वाजणाऱ्या वाद्याला उत्तर देता येत नाही.

तंबोऱ्याशी वाढलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट आवडेल. आमची गंधाराची तार ट्यूनरच्या काट्यावर लावली तर कॉर्ड खरखरतो. तंबोऱ्यातून आपसूक उमटणारा गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट उतरलेला असतो, आणि स्टीलचा कॉर्ड तिकडेच ओढ घेतो. शिवाय पहिलं पेडल दाबल्यावर मिळणारा धैवत नव्या कॉर्डचा गंधार होतो, म्हणून तोही उतरवावा लागतो. वाद्याच्या उजव्या टोकाला नायलॉनचे छोटे नट असतात, ते एकेक करून कानाने फिरवायचे. बास आणि पियानो समान अंतरांचे असतात, म्हणून पूर्ण 14 पर्यंत मी जात नाही. त्यांच्याशी भांडण होणार नाही आणि पंचम वळताना षड्जाशी घासणार नाही, अशा बेताने थांबतो.

नव्या गायकाबरोबर वाजवायचं असलं की तो आधी कॉर्डचा कागद देतो. तो मी घेतो, पण गाण्याचे शब्दही मागतो. त्याला एकदा नुसतं गाऊ देतो आणि तो कुठे श्वास घेतो तिथे पेन्सिलीने खुणा करतो. मग शब्द पुन्हा वाचतो. कुठल्या ओळीनंतर पंचम वर न्यायचा आणि कुठल्या ओळीनंतर तो नुसता धरून ठेवायचा, हे त्या दुसऱ्या वाचनात ठरतं.